कानाने बघायचे सिनेमे

हा भाग ऐकायचं सोडून तुम्ही वाचताय, म्हणजे एकतर ऑफिसात आहात, नाहीतर गाडीत बसल्यावर लक्षात आलंय की इअरफोन घरीच राहिले. हरकत नाही. पण आजचा विषय नेमका आवाजाचा आहे, त्यामुळे शेवटी ते शोधावे लागणारच आहेत.

दर तीन-चार महिन्यांनी मी बघितलेल्या परदेशी आणि इंडी सिनेमांवर एक भाग करते, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. यावेळी पाच सिनेमे काढले आणि एक गोष्ट जाणवली. पाचहीमध्ये मला जे आवडलं किंवा खटकलं, त्यातलं बरंचसं पडद्यावर दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. म्हणून आज स्टार नाहीत, दहापैकी मार्क नाहीत. सिनेमात आवाज नेमकं काय काम करतो, आणि फोनवर बघताना त्यातलं किती आपल्यापर्यंत पोचतं, एवढंच बोलू. स्पॉइलर येतील. ज्यांना चालत नाहीत त्यांनी सिनेमाचं नाव दिसलं की सरळ पुढच्या मथळ्यावर उडी मारा.

आधी फोनचं गणित

माणसाच्या कानाला साधारण 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, असं आपण शाळेत शिकलो. खालचा आकडा म्हणजे खोल, घुमणारे आवाज: ढोल, ट्रकचं इंजिन, लांबून येणारा गडगडाट. असा आवाज काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला भरपूर हवा ढकलावी लागते. फोनमधला स्पीकर नखाएवढा. तो एवढी हवा ढकलणार कुठून? त्यामुळे काहीशे हर्ट्झच्या खालचं बरंचसं फोनवर जवळपास गायब होतं.

खरी गोची पुढेच आहे. बोलणं समजायला हे खालचे आवाज फारसे लागतच नाहीत. जुनी लँडलाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झएवढाच पट्टा पाठवायची, आणि त्यावर आपल्या आईबाबांनी तासन्‌तास गप्पा मारल्या. म्हणजे फोनच्या स्पीकरवर संवाद नीट कळतात, गोष्ट कळते, आणि आपल्याला वाटतं की आपण सिनेमा पूर्ण ऐकला. काय गेलं ते कळतच नाही, कारण गेलेल्या गोष्टीची जागा रिकामी दिसत नाही.

बहुतेक सिनेमांत हे खपून जातं. पण एक सिनेमा असा आहे, जो फोनच्या स्पीकरवर बघितला तर अक्षरशः वेगळा सिनेमा होतो.

द झोन ऑफ इंटरेस्ट: भिंतीपलीकडचा सिनेमा

जोनाथन ग्लेझरचा 2023 चा सिनेमा. भाषा जर्मन, पण ऑस्करला गेला ब्रिटनकडून. रुडॉल्फ हॉस हा आउशविट्झ छळछावणीचा प्रमुख, त्याची बायको हेडविग, त्यांची मुलं. छावणीच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर आहे. घराला बाग, बागेत डेलिया, मुलांना पोहायला छोटं तळं. सिनेमा जवळपास पूर्ण वेळ या घरात आणि घराच्या आसपास राहतो. भिंतीपलीकडे कॅमेरा एकदाही अत्याचार दाखवायला जात नाही.

पण आवाज भिंत मानत नाही. हेडविग झाडांना पाणी घालत असते आणि मागे कुत्री भुंकतात, कोणीतरी ओरडतं, गोळी सुटते, आगगाडी येते. आणि या सगळ्याखाली एक घरघर, भट्ट्यांची, जी जवळजवळ थांबतच नाही. साउंड डिझायनर जॉनी बर्नने यासाठी सुमारे 600 पानांचा दस्तऐवज तयार केला होता. छावणीत काय काय घडलं, साक्षीदारांनी काय सांगितलं, आणि छावणीचा मोठा नकाशा. नकाशा कशाला? तर कुठला आवाज घरापासून किती लांबून आला असता, किती घुमला असता, हे ठरवायला. 2024 मध्ये या सिनेमाला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय सिनेमाबरोबर सर्वोत्कृष्ट ध्वनीचंही ऑस्कर मिळालं, ते बर्न आणि टार्न विलर्स यांना.

आता फोनचं गणित इथे लावा. ती घरघर खालच्या पट्ट्यातली. फोनच्या स्पीकरवर ती विरून जाते, लांबच्या किंकाळ्या पुसट होतात, आणि उरतो काय? एका सुखी कुटुंबाचा जरासा संथ घरगुती सिनेमा. म्हणजे हेडविगला जे जमलंय तेच आपला फोन आपल्यासाठी करून देतो.

या सिनेमातला माझ्यासाठी सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग एकदम साधा आहे. भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीची माणसं हॉसकडे येतात, टेबलावर नकाशा पसरतात आणि नवीन रचना समजावतात. गोल मांडणी, एक कप्पा जळत असताना दुसरा थंड होणार, काम अखंड चालू. कोणी आवाज चढवत नाही. प्रश्न येतात, उत्तरं मिळतात. मी रोज अशा मीटिंगमध्ये बसते, आमच्याकडे तिला डिझाइन रिव्ह्यू म्हणतात. क्षमता किती, बंद पडायचा वेळ किती, खर्च किती. तोच सूर, तेच शब्द. काय बनवतोय हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही, कारण तो अजेंड्यावर नाही. तुम्ही इंजिनिअर असाल तर हा प्रसंग एकदा बघाच.

आणि हेडविगची आई. ती पाहुणी म्हणून येते, लेकीचं घर, बाग बघून खूश होते. मग रात्री खिडकीतून लाल उजेड दिसतो, आवाज येत राहतात, आणि सकाळी ती कोणाला न सांगता निघून गेलेली असते. चिठ्ठी ठेवते. हेडविग ती वाचते आणि जाळून टाकते. चिठ्ठीत काय होतं ते सिनेमा आपल्याला सांगत नाही. मला वाटतं तेच बरोबर आहे. ती आई काही थोर नाही, आधीच्या तिच्या बोलण्यावरून ते कळतं. तिला फक्त अजून ऐकू येत होतं. घरातल्या बाकीच्यांना सवय झाली होती.

साउंड ऑफ मेटल: ऐकू न येण्याचा आतला आवाज

हा अमेरिकन इंडी, दिग्दर्शक डेरियस मार्डर. रिझ अहमद यात रुबेन नावाचा हेवी मेटल ड्रमर आहे, आणि त्याची श्रवणशक्ती झपाट्याने जाते. 2021 मध्ये याला ध्वनी आणि संकलन अशी दोन ऑस्कर मिळाली.

युक्ती काय आहे बघा. एकाच प्रसंगात आवाज बाहेरून आत जातो. आधी आपल्याला खोलीतलं सगळं नीट ऐकू येतं: मिक्सर, पावलं, बोलणं. मग पट्‌कन आपण रुबेनच्या डोक्यात. तेच बोलणं, पण पाण्याखालून आल्यासारखं, शब्द नसलेलं. साउंड डिझायनर निकोला बेकरने यासाठी शरीराच्या आतले आवाज रेकॉर्ड केले: श्वास, गिळणं, हाडांतून जाणारी कंपनं. बहिरेपण म्हणजे म्यूट बटण ही आपली कल्पना इथे मोडते.

रुबेन सगळं विकून कॉक्लियर इम्प्लांट बसवून घेतो. हे काम कसं करतं? कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, कॉक्लिया. त्यात आवाज मज्जातंतूपर्यंत पोचवणाऱ्या मुख्य केसपेशी साधारण 3500. त्या निकामी झाल्या की इम्प्लांट त्यांना वळसा घालून तंतूला थेट विजेचे ठोके देतं, पण इलेक्ट्रोड असतात साधारण 12 ते 22. म्हणजे साडेतीन हजार पिक्सेलचं चित्र वीसेक पिक्सेलमध्ये बसवायचं. सिनेमात इम्प्लांट चालू होतं तेव्हा जग पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं, त्याचं कारण हे.

इथे माझी एक तक्रार आहे. सिनेमा पहिल्या काही दिवसांपाशी थांबतो. खऱ्या आयुष्यात मेंदू त्या वीस पिक्सेलना सरावतो. महिनोन्‌महिने सराव केल्यावर खूप जणांना बोलणं चांगलं समजायला लागतं, आणि लहानपणी बसवलं तर फायदा आणखी जास्त. घरात कोणाला इम्प्लांटचा सल्ला दिला असेल, तर हा सिनेमा बघून निर्णय घेऊ नका, डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्टशी बोला. सिनेमाचं म्हणणं मला वेगळं वाटतं. जो-जो मनुष्य रुबेनला आधार देतो, त्या वयस्कर जोचा मुद्दा असा की बहिरेपण ही दुरुस्त करायची वस्तू नाही, जगायची एक रीत आहे. रुबेनला मात्र जुनं आयुष्य जसंच्या तसं परत हवंय, बॅकअपमधून रिस्टोअर केल्यासारखं.

हा सिनेमा बघितल्यावर मी आज्जीला एक प्रश्न विचारला, जो आमच्या घरात आधी कोणीच विचारला नव्हता. तिचं श्रवणयंत्र कायम ड्रॉवरमध्ये असायचं आणि "एवढे पैसे घातले, घालत का नाहीस" हा संवाद महिन्यातून दोनदा व्हायचा. मी विचारलं, "आज्जी, ते घातल्यावर ऐकू कसं येतं गं?" ती म्हणाली, "भांडी आणि माणसं एकाच आवाजात बोलतात. पंखासुद्धा बोलतो. मग कोणाचं ऐकायचं?"

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, आणि सेटिंग नीट नसेल तर नको तोही मोठा करतं. ते ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे जुळवावं लागतं, आणि एकदा जुळवून भागत नाही. आम्ही तिला घेऊन परत गेलो, दोन-तीन फेऱ्या झाल्या. आता ती दुपारी चार वाजता गप्पा मारायला यंत्र लावते आणि स्वयंपाकघरात जाताना काढून ठेवते. चाललंय बरं. तुमच्याकडेही कोणाचं यंत्र ड्रॉवरमध्ये असेल, तर रागवायच्या आधी हा एक प्रश्न विचारून बघा.

फ्लो: संवादच नाहीत

जरा हलकं होऊ या. लॅटव्हियाचा गिंट्स झिल्बालोडिस, 2024 चा अ‍ॅनिमेशनपट. पूर आलाय, माणसं नाहीत, आणि एका होडीत एक मांजर, एक कॅपिबारा, एक लेमूर, एक कुत्रा आणि एक सेक्रेटरी पक्षी. कोणीही माणसासारखं बोलत नाही. मांजर म्याँव करतं, कुत्रा भुंकतो, बस्स.

आपल्या लोकांसाठी खास माहिती: हा सिनेमा ब्लेंडरवर बनलाय. तेच ब्लेंडर जे फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांनी लॉकडाउनमध्ये डोनट बनवून सोडून दिलं. बजेट साधारण 35 लाख युरो. त्याच वर्षी ऑस्करच्या नामांकनात असलेल्या 'इनसाइड आउट 2' चं बजेट सुमारे 20 कोटी डॉलर होतं. ऑस्कर मिळालं फ्लोला, लॅटव्हियाचं पहिलंच.

आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत, थोडी लबाडी सोडून. कॅपिबाराचा खरा आवाज बारीक, चिरका निघाला. एवढ्या गरीब, थोराड प्राण्याला तो शोभेना. मग त्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिला. ध्वनीच्या कामात खरं आणि खरं वाटणारं यात असा फरक पडतो. फोली नावाचं सगळं कामच त्यावर उभं आहे: पावलं, कपड्यांची सळसळ, भांड्यांचा आवाज स्टुडिओत वेगळ्याच वस्तू वापरून नव्याने काढतात. आपल्या हिंदी-मराठी सिनेमात तर कित्येक दशकं संवादसुद्धा नंतर डब व्हायचे. शूटिंगच्या जागीच आवाज पकडायचा, म्हणजे सिंक साउंड, ही पद्धत मोठ्या हिंदी सिनेमात 'लगान'नंतर, म्हणजे 2001 नंतर, जास्त रुजली.

फ्लोबद्दल एक नाराजी. संवाद नसले तरी संगीत मात्र अधूनमधून येऊन सांगतं की आता वाईट वाटून घ्या. मांजर पाण्याखाली जातं तेव्हा नुसता पाण्याचा दाब ऐकू येतो, ते मला दहापट जास्त लागलं.

मेमोरिया: आवाजाचं वर्णन करा बघू

थायलंडचा अपिचातपाँग वीरासेथाकुन, सिनेमा कोलंबियातला, 2021 चा. टिल्डा स्विंटनने केलेल्या जेसिकाला पहाटे एक धप्प आवाज ऐकू येतो, जो दुसऱ्या कोणालाच येत नाही. दिग्दर्शकाला स्वतःला असा त्रास होता, डोक्यातच मोठा स्फोट झाल्यासारखा आवाज ऐकू येण्याचा. डॉक्टरांकडे त्याला नाव आहे, एक्सप्लोडिंग हेड सिंड्रोम.

यातला एक प्रसंग मी तीनदा बघितला. जेसिका एका तरुण साउंड इंजिनिअरकडे जाते आणि तो आवाज पुन्हा तयार करून मागते. सांगते कसं? तर काँक्रीटचा मोठा गोळा धातूच्या विहिरीत पडावा आणि भोवती समुद्राचं पाणी असावं, तसा. तो लायब्ररीतले आवाज काढतो, वाजवतो. ती म्हणते, अजून मातकट. तो बदलतो. अजून गोल. परत बदलतो. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर हा प्रसंग तुम्हाला पाठ आहे, फक्त समोर क्लायंट असतो. पण इथे कोणी वैतागत नाही. दुसऱ्याच्या डोक्यातली गोष्ट समजून घ्यायला एक माणूस शांतपणे अर्धा दिवस देतो. त्या आवाजावर त्याचा विश्वास आहे की नाही हेही तो विचारत नाही.

सिनेमा फार संथ आहे, आणि शेवटी आवाजाचं जे स्पष्टीकरण मिळतं ते मला पटलं नाही. नसतं दिलं तर बरं झालं असतं. दीडपट वेगाने बघायचा विचार असेल तर मात्र बघूच नका. इथे शांतता हाच मजकूर आहे, तो फॉरवर्ड केलात तर उरणार काय?

ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट: आपल्या गावचा आवाज

शेवटचा आपल्या मुंबईचा. पायल कपाडियाचा सिनेमा, 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाली. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचला तो 30 वर्षांनी.

सुरुवात आठवा. रात्रीचा बाजार, लोकल, गर्दी, आणि त्यावर माणसांचे आवाज. कोण कुठून मुंबईत आलं, किती वर्षं झाली, अजून हे शहर आपलं वाटतं की नाही. भाषा वेगवेगळ्या. चेहरे दिसत नाहीत. गर्दीतला कुठलाही चेहरा त्या आवाजाचा असू शकतो, म्हणून आपण सगळ्यांकडे नीट बघायला लागतो. एवढा साधा उपाय.

प्रभा आणि अनू या मल्याळी नर्सेस. पार्वती त्यांच्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करते, छाया कदमने काय केलंय काम! तिचं घर बिल्डर पाडणार आहे आणि नवरा गेल्यावर तिच्याकडे हक्क सांगायला कागदच नाहीत. इतकी वर्षं राहिली, पण कागदावर ती नाही. शेवटी ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. तिथे पोचल्यावर कान मोकळे झाल्यासारखे होतात. आगगाड्या, हॉर्न, पावसाची संततधार जाते, समुद्र आणि किडे राहतात. त्या फरकावरून कळतं की आधी आपण केवढा गोंगाट सहन करत होतो.

हा सिनेमा आपल्याला परदेशी प्रेक्षकापेक्षा जास्त मिळतो. पॅरिसमधला माणूस सबटायटल वाचतो, त्याला सगळं एकाच भाषेत दिसतं. आपल्याला मल्याळममधून हिंदीत जाताना प्रभाचा आवाज थोडा सांभाळून येतो, तेही कळतं. तिच्यावर जीव असलेल्या डॉक्टरला हिंदी जमत नाही, ते त्याचं एकटेपण आहे, आणि पार्वतीच्या हिंदीत मराठी कुठे डोकावते ते आपल्याला लगेच ऐकू येतं. सबटायटल चालू ठेवा, पण कान बंद करू नका.

मग बघायचं कसं?

महागडी यंत्रणा लागत नाही. साधे वायरचे इअरफोन चालतील, कारण ते कानात बसतात आणि कमी हवेतही खालचे आवाज पोचवतात. रात्री, पंखा कमी करून. फोनमध्ये आवाज सपाट करणारी सेटिंग असते, व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन वगैरे, ती बंद. वेग 1 वर. आणि पाच मिनिटांचा एक प्रयोग करा: कुठलाही प्रसंग आधी डोळे मिटून ऐका, मग बघा. चांगल्या सिनेमात दोन्ही वेळा वेगळं काहीतरी हाती लागेल.

एक शेवटचं. आता बहुतेकांच्या इअरफोनमध्ये नॉइज कॅन्सलेशन आहे. चांगली सोय आहे, मीही वापरते. आमच्या शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहतोय. यंत्र चालू केलं की ड्रिल जातं, आणि त्याबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या मजुरांच्या पोरांचा आवाजही जातो. पण फोनला काय गाळायचं ते आपण सांगतो. तेव्हा काय गाळतोय याची आठवण मात्र ठेवायला हवी. हेडविगचं घर नाझींनी व्यापलेल्या पोलंडमध्ये होतं आणि आपलं तसं काही नाही, ही तुलना मी करत नाहीये. पण सवय कशी लागते ते त्या सिनेमाने मला नीट दाखवलं.

या पाचांतला एकच बघणार असाल तर ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट बघा, आणि दोन बघणार असाल तर झोन ऑफ इंटरेस्ट, इअरफोन लावून. कुठला सिनेमा कुठल्या ओटीटीवर ते सारखं बदलतं, त्यामुळे शोधून घ्या. तुम्हाला कानात राहिलेला एखादा सिनेमा असेल तर कळवा, पुढच्या यादीत घेते. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.